कारखाना मुलाला द्यायचा की चालवणाऱ्याला?

मकरपुराकर (धागाकर्ता)

मावशीचे यजमान, आम्ही काकाच म्हणतो, वय ७६. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसीच म्हणा) ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला, म्हणजे वीज बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरला, लागणारे पितळेचे नि तांब्याचे टर्मिनल, नट, कनेक्टर बनवतात. बडोद्याच्या कलाभवनात इंजिनिअरिंग शिकले, थोडी वर्षं नोकरी, मग भाड्याच्या शेडमध्ये एक जुना कॅपस्टन लेथ. अशी गोष्ट बडोद्यात पुष्कळ घरांत ऐकायला मिळेल. आता जीआयडीसीचा प्लॉट आहे, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीनं आहेत, चाळीसेक माणसं आहेत. फर्म भागीदारीची, भागीदार दोनच, काका आणि मावशी. मावशीनं फर्मचं चेकबुक आयुष्यात हातात धरलेलं नाही.

मुलगा, आमचा दादा, टोरांटोला, आयटीत. मुलगी, म्हणजे ताई, लग्न होऊन इथेच मांजलपूरला, पण अकरा वर्षं रोज कारखान्यात, खरेदी, डिस्पॅच, गिऱ्हाईकाचे ऑडिटवाले आले की त्यांच्यासोबत दिवसभर तीच. सख्खा पुतण्या शॉप फ्लोअर बघतो, पगारावर. कारीगर उचल मागायला बेनकडे जातात, मशीन अडलं की पुतण्याकडे. आणि यंदा लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाली नि काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की दादा परत येतोय, आता खुर्ची त्याची. ताई प्रसाद वाटत होती, वाटतच राहिली.

माझं मत स्पष्ट आहे. मालकी वाटा ना बरोबरीनं, कोण नाही म्हणतंय, पण सही एकाचीच हवी आणि ती चालवणाऱ्याची. रेट कोण देणार, चेकवर सही कोणाची, बँकेत कोण जाऊन बसणार, या तिन्ही गोष्टी ताईकडे. फ्लोअर पुतण्याकडे, आणि त्याला नुसता पगार नको, छोटा का होईना हिस्सा. दादाला नफ्याचा वाटा मिळेलच की. मुलगा आहे म्हणून खुर्ची, हे चाळीस माणसांच्या पोटाशी खेळणं झालं.

बोला.

जुना_शेठ

मी स्वतः वाघोडियाला युनिट टाकलेला माणूस आहे म्हणून जरा कडक बोलतो. घर गहाण कोणी टाकलं होतं, तुम्ही की काकांनी? ज्यानं रिस्क घेतली त्यानं कोणाला द्यायचं ते तो ठरवेल, यात मतं कसली मागवता. मुलगा परदेशातली नोकरी सोडून येतोय हे काय कमी आहे, इथे लोकांची मुलं फोन उचलत नाहीत. अकरा वर्षं खरेदी बघितली म्हणजे धंदा आला असं नसतं हो. आणि मनातलं बोलतो, राग आला तरी चालेल, आज ताईची सही, उद्या त्या सहीमागे जावईबापू बसणार. बघितलंय मी. शिवाय काकांनी बहुतेक सगळीकडे मुलाला नॉमिनी टाकलं असणार, म्हणजे विषय संपला.

रेवा

जावईबापू बसणार हे अकरा वर्षांत दिसलं नाही का कोणाला? आणि दादाच्या सहीमागे सूनबाई बसल्या तर ते चालतं, त्याला घरचं माणूस म्हणायचं, बरोबर ना शेठ? मोठ्या घरांतही हेच आहे. चेन्नईच्या मुरुगप्पा उद्योगसमूहात वडील गेल्यावर वल्ली अरुणाचलम यांना फॅमिलीच्या होल्डिंग कंपनीच्या बोर्डावर जागा हवी होती, २०२० मध्ये मतदानात पाडलं, शिकलेली बाई, घरचा हिस्सा असलेली, तरी. मग २०२३ मध्ये समझोता. मधली वर्षं पेपरात नाव कोणाचं खराब झालं?

आधी_हिशोब

दोघांचंही थोडं चुकतंय. मी सीए आहे, या कुटुंबाचा नाही, तरी हीच फाईल दर वर्षी वेगळ्या आडनावानं टेबलावर येते.

पहिलं, नॉमिनी म्हणजे मालक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शक्ती येझदानी केसमध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हे साफ सांगितलं, नॉमिनीनं ताबा घ्यायचा नि खऱ्या वारसांना द्यायचं. (ती केस कालनिर्णयवाल्या साळगावकरांच्या घरातली, म्हणजे आपल्या माणसांना तरी माहीत हवी.)

दुसरं, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जो जन्मतः हक्क मिळाला तो वडिलोपार्जित मिळकतीत. काकांचं सगळं स्वकष्टाचं आहे, त्यामुळे मृत्युपत्र केलं तर ज्याला वाटेल त्याला देऊ शकतात, इथे शेठ बरोबर. पण मृत्युपत्र न करता गेले तर मावशी, दादा, ताई, तिघांना सारखं. पुतण्याला शून्य. त्यानं फ्लोअरवर किती वर्षं घाम गाळला ते कायदा विचारत नाही. त्याला काही द्यायचं असेल तर काकांनी हयातीतच द्यावं, काकानं पुतण्याला दिलेल्या भेटीवर इन्कम टॅक्स लागत नाही. गंमत म्हणजे पुतण्यानं काकाला दिली तर लागतो.

तिसरं आणि खरं दुखणं. दोनच भागीदार आहेत म्हणालात. त्यातला एक गेला की फर्मच संपली, डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, काही लिहिलेलं असो, एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. मावशींच्या नावावर प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, करावी लागेल, म्हणजे फर्मचा पॅन जाऊन मावशींचा स्वतःचा पॅन, नवा जीएसटी नंबर, बँकेची सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) नव्यानं. मोठा गिऱ्हाईक म्हणणार, व्हेंडर कोड जुन्या पॅनवर आहे, नव्यानं रजिस्टर व्हा, सॅम्पल द्या, ऑडिट करा. या सगळ्यात काही महिने जातात आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो. प्लॉटही बघा कोणाच्या नावावर आहे, जीआयडीसीचा म्हणजे लीजचा, तिथलीही परवानगी आली. खुर्ची कोणाची हे भांडण नंतर करा, आधी मुलांपैकी निदान एकाला आज भागीदार करून घ्या.

मकरपुराकर

हे मला माहीत नव्हतं, डीड काढून बघायला सांगतो. पण मग घ्यायचं कोणाला, एकाला घेतलं की तोच प्रश्न!

परत_आलेला

मी तो दादा आहे, म्हणजे यांचा नाही, दुसऱ्या घरचा. बाहेर नोकरी होती, वडिलांनी बोलावलं म्हणून आलो, म्हणून माझी बाजू ऐका.

धागाकर्त्यांचा फॉर्म्युला ऐकायला छान आहे, मालकी तिघांची नि सही एकाची, पण तो पहिल्या मार्चपर्यंत टिकतो. समजा वर्षाला नफा झाला. ताई म्हणणार नवं व्हीएमसी मशीन घ्यायचंय, नफा फर्ममध्येच ठेवू. टोरांटोवाला म्हणणार मला माझा वाटा द्या, मी का थांबू. दोघंही बरोबर. मग दादा विचारणार ताईचा पगार कोणी ठरवला, गाडी फर्मची का, ताई म्हणणार मी दिवसभर इथे मरते नि तू मला हिशोब विचारतोस. हळूहळू रक्षाबंधनही कुरिअरनं. आमच्याकडे आत्या आणि बाबांचं हेच झालं. किर्लोस्करांसारख्या घरानं २००९ साली वकिलांकडून नीट लिहून कौटुंबिक करार केला, तरी त्याच कराराचा अर्थ काय यावरून भाऊ कोर्टात गेले. माझं म्हणणं, एकालाच सगळा कारखाना द्या, बाकीच्यांना घर, एफडी, जमीन, काय असेल ते देऊन मोकळं करा. अर्धामुर्धा हिस्सा ठेवू नका.

आणि खुर्ची मिळाली म्हणजे काय मिळतं तेही सांगतो. मला केबिन मिळाली, व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजिंग पार्टनर आलं. पण कोटेशनचा रेट अजून बाबा डायरीतून फोनवर देतात, माझ्या मेलमधला रेट वेगळा. गिऱ्हाईकाचा परचेसवाला दोन्ही ऐकून कमी असलेला धरतो. आमचे बाबा मशीनखालच्या ट्रेमधली पितळेची बुरादी चिमटीत धरून सांगतात रॉड कुठला आहे. चांगला रॉड असला की चिप तुटून बारीक पडते, भेसळीचा असला की तारेसारखी गुंडाळते नि टूल खाते. मला हे दिसतं पण कळत नाही, म्हणजे त्यांच्याइतकं नाही, आणि ते शिकवत नाहीत, करून दाखवतात नि निघून जातात. टेस्ट सर्टिफिकेट बघून माल घ्यायची सिस्टीम मी लावली तर म्हणाले कागद कोणीही छापतो. बरोबरच आहे त्यांचं, पण ते उद्या नसतील तेव्हा कागदच लागणार ना.

तेव्हा ताई की दादा या वादात काकांना विचारा की रेटची डायरी कोणाला देणार. ज्याला द्याल तो मालक.

फ्लोअरवरचा

मी तीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. आम्हाला कोण शेठ येतो त्याचं एवढं नसतं. पगार ७ तारखेला होणार का, आणि एकानं हो म्हटलेलं दुसरा तोडणार तर नाही ना, एवढंच बघतो. आमच्याकडे दोन भाऊ होते, सकाळी एक ओव्हरटाइम लावायचा, दुपारी दुसरा कापायचा. चांगले टर्नर आधी गेले. राहिले ते कोणाला नको असलेले. या केसमध्ये पुतण्याला हिस्सा मिळाला नाही तर तो बाजूच्या गाळ्यात शेड टाकेल आणि अर्धे कारीगर घेऊन जाईल, त्याला ड्रॉइंगं पाठ आहेत. त्याचं कोणीच मनावर घेत नाहीये इथे.

तिरकस

विकून टाका आणि पैसे वाटून घ्या. १९०७ साली बडोद्याची औषध कंपनी अलेंबिक काढली तेव्हा गज्जर होते, आपले कोटीभास्कर होते, अमीन होते, आणि पुढे कंपनी ओळखली गेली ती अमिनांची म्हणून. मराठी माणूस प्रयोगशाळेत असतो नि गल्ल्यावर दुसरा, हे इथलंच आहे. नाहीतर पॅराशूट तेलवाल्या मारिकोसारखं करा, हर्ष मारीवालांनी २०१४ मध्ये एमडीपद घराबाहेरच्या माणसाला, सौगत गुप्तांना दिलं, मालकी घरात, कारभार प्रोफेशनलकडे.

जुना_शेठ

मारिको कुठे आणि मकरपुऱ्याचं शेड कुठे, चाळीस माणसांच्या युनिटला कुठला प्रोफेशनल येतो, आला तर वर्षभरात गिऱ्हाईकांची यादी घेऊन जातो. आणि विकायचं म्हणता, अशा युनिटला किंमत जागेची नि मशीनच्या भंगाराची येते, काकांच्या नावाची किंमत कोणी देत नाही.

परत_आलेला यांचं पटलं, एकालाच द्या. पण हयातीत सगळं सोडू नका असंही म्हणेन. रेमंडचे विजयपत सिंघानिया बघा, २०१५ मध्ये सगळे शेअर मुलाच्या नावावर केले आणि पुढे राहत्या घरासाठी कोर्टाची पायरी. बापानं निदान स्वतःचं घर नि थोडा हिस्सा मुठीत ठेवावा.

मकरपुराकर

शेठ, मुठीत ठेवा म्हणता आणि मुठीत ठेवल्यामुळेच तर ही वेळ आलीय. काकांनी ताईला पाच वर्षांपूर्वी भागीदार केलं असतं तर आज दादा आला असता तरी काय पद द्यायचं हे शांतपणे ठरलं असतं. एकालाच द्या म्हणता तर मी म्हणतो ताईलाच द्या, दादाला करेलीबागचं घर द्या. पण घर नि कारखाना यांची किंमत सारखी लावणार कोण? घराचा भाव बाजारात कळतो, कारखान्याचा नफा ताई तिथे बसते म्हणून आहे, ती उठली तर आकडा खाली. तिच्याच मेहनतीनं वाढलेली किंमत तिच्याच हिश्शातून वजा करायची हे मला पटत नाही. आणि पुतण्याबद्दल फ्लोअरवरचा बोलले ते बरोबर, ते आधी मिटवायला हवं.

रेवा

यात ताईला कोणी विचारलंय का की तिला हवंय का? नाही, मी तिच्याच बाजूनं आहे, पण काका दादाला देतायत नि आपण ताईला देतोय, देणारे आपण सगळे.

जुना_शेठ

बरं, मी एकच कसोटी सांगतो. बँकेच्या लिमिटला पर्सनल गॅरंटी लागते. फर्म अडकली तर बँक गॅरंटी देणाऱ्याच्या घरापर्यंत येते, कंपन्यांच्या बाबतीत तर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही गॅरंटरविरुद्ध दिवाळखोरी कायद्याखाली जाता येतं हे कायम ठेवलं. काकांनी इतकी वर्षं ती सही केली. आता दादाला कागद द्या आणि ताईलाही द्या. जो सही करेल त्याची खुर्ची. ताईचं घर सासऱ्यांच्या नावावर, ती काय ठेवणार?

आधी_हिशोब

शेठ, गॅरंटी आणि तारण या दोन गोष्टी आहेत. गॅरंटीला घर नावावर असावंच लागतं असं नाही. आणि तारणाशिवाय लिमिटसाठी सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, योजना आहे, एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० कोटी केलीय. फी लागते वर्षाला, ती फर्मनं भरायची. सासऱ्यांचं घर मध्ये येतच नाही. बँकेच्या मॅनेजरला कागद करायचा कंटाळा असतो म्हणून तो घर मागतो, एवढंच.

मकरपुराकर

कसोटी मान्य. दादाला काल रात्री फोनवर विचारलं, गॅरंटीवर सही करशील का. म्हणाला आधी दोन वर्षं बघतो, मग ठरवू. ताईला अजून विचारलेलं नाही, काका म्हणतात तिला मध्ये आणू नका.

रेवा

तिला मध्ये आणू नका!! आणि उद्या सकाळी डिस्पॅच कोण काढणार आहे?