दोन विषय राहिलेत, वाचलेलं डोक्यात राहतच नाही

प्रश्न: सेकंड इयरला आहे. रोज चार तास नोट्स वाचते, हायलायटरने पानं पिवळी झालीत पण पेपर हातात आला की सगळं कोरं. कॉलेजात सक्सेस कोच आहेत (अभ्यासात अडलेल्या मुलांना मदत करणारे), जाऊ का?

उत्तर १: जा गं, नक्की जा! माझे तीन राहिले होते, कोचने आधी जुने पेपर काढून मार्क नेमके कुठे गेले ते शोधलं, येत होतं सगळं पण लिहायला वेळच पुरत नव्हता.

उत्तर २: नुसतं वाचू नकोस. वही मिटून आठवेल ते कागदावर लिही, मग अडलेलं बघ. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय, पाठ केलेलं पहिल्या दिवसातच बरंचसं उडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत, मग आठवड्याने.

प्रश्नकर्ती: आत्ताच केलं, अर्धं पानही भरलं नाही. सोमवारी पेपर घेऊन जाते कोचकडे.