आतड्याचा टीबी की क्रोन्स? ग्रॅन्युलोमा आहेत, जंतू सापडत नाहीत

प्रश्न (निवासी डॉक्टर, मेडिसिन)
तिशीतली रुग्ण. चार महिने पोटात उजवीकडे खाली दुखतं, मधूनमधून ताप, वजन सहा किलो उतरलंय. कोलोनोस्कोपीत इलिओसिकल भागात (लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे) व्रण. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे गोळे), पण केझिएशन (गोळ्यांच्या मधला चीजसारखा मृत भाग, टीबीची खूण) नाही. एएफबी (रंग देऊन जंतू पाहणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूच्या डीएनएची तपासणी) दोन्ही निगेटिव्ह. क्रोन्स (टीबीच्या जंतूंशिवाय होणारा आतड्याचा दीर्घकाळचा दाह) धरून स्टेरॉइड सुरू करावं का?

उत्तर १ (पोटविकारतज्ज्ञ)
नको, इतक्यात मुळीच नको. टीबी असेल तर स्टेरॉइडवर तो पसरतो, आतडं फुटूही शकतं. आधी हे पाहा, तुकडे कशात पाठवले होते? सगळे फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले असतील तर कल्चरचा (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याचा) मार्गच बंद, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. ही चूक फार होते आणि रिपोर्टवर ती कुठेच दिसत नाही. पुन्हा स्कोपी करून व्रणाची कड आणि तळ मिळून आठ-दहा तुकडे घ्या. निम्मे फॉर्मॅलिनमध्ये, निम्मे निर्जंतुक नॉर्मल सलाइनमध्ये, आणि सलाइनची बाटली त्याच दिवशी लॅबला. एमजीआयटी (द्रव माध्यमातलं) कल्चर निगेटिव्ह म्हणायला 42 दिवस लागतात. आतड्यात जंतू मुळात थोडेच असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही.

उत्तर २ (पॅथॉलॉजिस्ट)
केझिएशनवर अडून बसू नका. 200 मायक्रॉनहून मोठे, एकमेकांत मिसळलेले, संख्येनं भरपूर ग्रॅन्युलोमा आणि व्रणाच्या तळाशी एपिथेलिऑइड पेशींची (ग्रॅन्युलोमा ज्यांचे बनतात त्या पेशींची) पट्टी, हे टीबीकडे झुकतं. क्रोन्समध्ये ते बारीक, सुटे, मोजकेच. त्याच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) आणखी खोल सेक्शन, म्हणजे पातळ काप, मागवा. केझिएशन पुढच्या सेक्शनमध्येही निघू शकतं.

प्रश्नकर्ती
धन्यवाद सर. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी आहे. सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारा रक्तातला घटक) वाढल्यामुळे घरच्यांना अंडाशयाच्या कॅन्सरची धास्ती बसली आहे.

उत्तर ३ (रेडिओलॉजिस्ट)
पेरिटोनियमला (पोटाच्या आतल्या अस्तराला) सूज आली की सीए-125 वाढतं, टीबीतही. तेवढ्यावर कॅन्सर म्हणू नका. पाणी काढून प्रोटीन, पेशी, सायटॉलॉजी (कॅन्सरच्या पेशी शोधणं), एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) आणि त्याच दिवशीच्या रक्तातलं अल्ब्युमिन करा. साग (रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक) 1.1 पेक्षा कमी, लिम्फोसाइट जास्त आणि एडीए 39 च्या वर असेल तर टीबीची शक्यता बळावते. लिम्फोमातही (लसीका पेशींच्या कॅन्सरमध्येही) एडीए चढतो, म्हणून शंका राहिली तर लॅपरोस्कोपी करून पेरिटोनियमचा तुकडा घ्या. सीटी एन्टेरोग्राफीत मधोमध काळपट, कडेनं उजळ गाठी दिसल्या तर टीबी. लांबलचक भाग सुजलेला, कंगव्याच्या दातांसारख्या रक्तवाहिन्या, तर क्रोन्स. छातीचा एक्स-रे विसरू नका.

उत्तर १ (पोटविकारतज्ज्ञ)
स्कोपीचे फोटो परत पाहा. आडवे व्रण आणि उघडा पडलेला इलिओसिकल व्हॉल्व्ह टीबीत जास्त. उभे व्रण, मधे चांगलं आतडं, गुदद्वाराजवळ फिस्टुला (भगंदर) हे क्रोन्सकडे. मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) या टीबी संसर्गाच्या तपासण्यांनी आपल्याकडे निवाडा होत नाही, आणि रक्तातल्या टीबी अँटिबॉडीच्या तपासण्यांवर 2012 पासून बंदीच आहे.

एवढं करूनही ठरलं नाही तर निक्षयवर (सरकारी टीबी नोंदणी पोर्टलवर) नोंद करून एटीटी (टीबीची औषधं) द्या आणि दोन-तीन महिन्यांनी स्कोपी कराच. वजन वाढलं, ताप गेला एवढ्यावर समाधान मानू नका. क्रोन्सच्या रुग्णालाही एटीटीवर काही काळ बरं वाटतं. व्रण भरत आले असतील तर सहा महिने पूर्ण करा. जसेच्या तसे असतील तर पुन्हा तुकडे घ्या: क्रोन्स, रेझिस्टंट (औषधांना दाद न देणारा) टीबी की लिम्फोमा, ते पाहा. अरुंद झालेला भाग मात्र टीबी बरा होऊनही तसाच राहू शकतो. तो उघडला नाही म्हणून निदान बदलू नका.