इनडोअर कबड्डीसाठी ७०-२०० मिमी लेन्स (मंचावरची चर्चा, वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव): वापरलेली एफ २.८ घ्यावी की नवी एफ ४?

मॅटवरची चढाई

मला जिल्हा पातळीवरच्या कबड्डी स्पर्धांचे फोटो काढायचे असतात. बंद हॉल, छताला एलईडी दिवे, फ्लॅश चालत नाही. बॉडी कॅनन आर६ मार्क २ आणि लेन्स आरएफ (कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची) १००-४०० मिमी. २०० मिमीला ही लेन्स एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त), म्हणून १/१००० सेकंदाच्या शटरला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २०,००० वर जातो आणि चेहऱ्यांचा तपशील दाण्यांत विरून जातो.

नवी आरएफ ७०-२०० एफ २.८ बजेटबाहेर आहे. वापरलेली ईएफ (कॅननच्या जुन्या डीएसएलआरसाठीची) ७०-२०० एफ २.८ एल आयएस २ (आयएस म्हणजे हाताचा हादरा शोषणारी यंत्रणा, २ म्हणजे दुसरी आवृत्ती) अ‍ॅडॅप्टर लावून घ्यावी, त्याच मापाची वापरलेली टॅमरॉन जी२ बघावी, की नवी आरएफ ७०-२०० एफ ४ घेऊन मोकळं व्हावं? शिवाय २०० मिमी पुरेल का, ही शंका आहेच. जागा बहुतेक वेळा अंतिम रेषेच्या मागे, साधारण ३ मीटरवर मिळते.

काचपारखी

आधी २०० पुरेल का ते बघू, कारण बाकीचं त्यावर ठरतं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषा तुमच्या बाजूच्या अंतिम रेषेपासून ६.५ मीटरवर, मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ वर आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. म्हणजे तुमच्या अर्ध्यात चढाईपटू बोनसला आला की तो तुमच्यापासून पावणेपाच मीटरवर असतो. तिथे फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) ७० मिमीला आडव्या चौकटीत सुमारे २.४ मीटर रुंदी मावते. पाय लांबवलेला गडी जेमतेम बसतो. आता पलीकडची निदान रेषा बघा: तुमच्यापासून सव्वातेरा मीटर. तिथे २०० मिमीला रुंदी येते तीच, २.४ मीटर. तुमच्या जागेवरून ७०-२०० मैदानाला अगदी मापात बसते. ४०० मिमीची तिथे गरजच नाही.

हीच लेन्स आर७ सारख्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर लावली तर जवळच्या बोनस रेषेवर दीडच मीटर रुंदी मिळेल आणि हात नाहीतर पाय कापला जाईल. तुमची बॉडी फुलफ्रेम आहे, तो प्रश्न नाही.

उजेडाचा हिशोब: एफ ६.३ वरून एफ २.८ वर आलात की पाचपट उजेड. आज २०,००० लागतोय तिथे ४,००० लागेल. एफ ४ वर ८,०००. आर६ मार्क २ वर ८,००० चे फोटो वर्तमानपत्राला आणि मोबाइलला सहज चालतात, त्यामुळे एफ ४ ला लगेच बाद करू नका. मात्र हॉलमध्ये मॅटच्या मागे जाहिरातींचे फलक, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाणी देणारी मुलं असतात. त्यांना मागे ढकलायला एफ २.८ लागतो. वरच्या दोन्ही अंतरांवर एफ २.८ ला फोकसची खोली साधारण ७० सेंटीमीटर मिळते: चढाईपटू आणि त्याच्या मांडीला बिलगलेला बचावपटू दोघं स्वच्छ, मागची गर्दी विरलेली. कबड्डीला याहून सोयीची खोली नाही.

माझं मत ईएफ आयएस २ ला. २०१० मधली असली तरी एफ २.८ वर पूर्ण उघडी असताना कडक शार्प आहे. २०१८ च्या आयएस ३ मध्ये काचांची मांडणी तीच आहे, कोटिंग तेवढं बदललं, म्हणून ३ साठी जास्त पैसे मोजू नका. टॅमरॉन जी२ चं काचेचं काम चांगलं आहे, पण तिची झूम रिंग कॅननच्या उलट दिशेने फिरते आणि ३० सेकंदांच्या चढाईत हात चुकतो. घेतलीच तर फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) नवं आहे का ते आधी बघा.

सुटे भाग

वर सांगितलंय त्याला पुष्टी. फक्त वापरलेली घेताना दुकानात अर्धा तास मागून घ्या आणि स्वतःची बॉडी, अ‍ॅडॅप्टर सोबत न्या.

दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा. धुळीचे चार कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणात पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. आतल्या काचेवर पसरलेली असेल तर किंमत कितीही उतरली तरी नको.

मग अ‍ॅपर्चर. हे बहुतेक जण विसरतात. फक्त एफ २.८ वर फोटो काढून बघितले तर पाती हलतच नाहीत. एफ ८ आणि एफ १६ वर सलग वीस-पंचवीस फोटो काढा, झूम फिरवत. आतली पट्टीसारखी केबल थकलेली असेल तर नेमका इथेच कॅमेरा ‘एरर ०१’ दाखवतो.

काच सरकली आहे का ते बघायला वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा स्टँडवर, भिंतीला समांतर, आयएस बंद, २ सेकंदांचा टायमर, एफ २.८. ७०, १३५ आणि २०० ला एकेक फोटो काढा आणि पडद्यावर मोठे करून चारही कोपरे वाचा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा धूसर आणि त्याच्या समोरचा स्वच्छ असेल तर लेन्स पडलेली किंवा नीट न जोडलेली आहे.

आयएस चालू करून बटण अर्धं दाबून धरा. हलकी घरघर ठीक. चित्र झटका देऊन उडत असेल तर बिघाड. माउंटच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे दिसले तर कुणी उघडली आणि का, ते विचारा.

जुन्या डीएसएलआरवर या लेन्सबद्दल फोकस पुढेमागे जाण्याच्या तक्रारी असायच्या. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ती काळजी करू नका.

एकटी प्राइम

पैसे अजून वाचवायचे असतील तर ईएफ १३५ एफ २ एल ही प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स बघा. ७५० ग्रॅम आणि एफ २.८ पेक्षा आणखी एक स्टॉप (दुप्पट उजेड), म्हणजे आयएसओ ४,००० चा २,०००. मात्र जवळच्या बोनस रेषेवर ती फार लांब पडते. मध्यरेषेकडे झेपावणारा चढाईपटू हाच फोटो हवा असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. एकच लेन्स घ्यायची असेल तर झूमच.

वजनाचं कुणी बोललं नाही. ईएफ आयएस २ १,४९० ग्रॅम, अ‍ॅडॅप्टर ११०, बॉडी ६७०. सव्वादोन किलो झाले. दिवसाला आठ-दहा सामने असतील तर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) हवाच, आणि तो लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावा, बॉडीला नाही. नाहीतर सगळा ताण अ‍ॅडॅप्टरवर येतो.

मॅटवरची चढाई

आयएस २ बघायला जातो. एक राहिलं: काही फोटोंत मॅटवर आडवे काळसर पट्टे येतात. लेन्स बदलल्यावर जातील का?

काचपारखी

नाही, ते लेन्सचं काम नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली हळू वाचतं आणि ती मिणमिण पट्ट्यांच्या रूपाने उमटते. शटर मेकॅनिकल करा आणि अँटी-फ्लिकर चालू ठेवा. मग कॅमेरा उजेड शिखरावर असतानाच फोटो घेतो. फोटोंचा वेग थोडा उतरेल, उतरू द्या. शटर ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’वर (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल) ठेवू नका. १/१००० आणि एफ २.८ ला मागच्या दिव्यांचे गोल एका बाजूने कापले जातात.

सर्वो एएफमध्ये (हलत्या माणसाच्या मागे राहणारा फोकस) केस २ ही सेटिंग घ्या. साखळीतल्या बचावपटूचा हात मध्ये आला तरी फोकस चढाईपटूवर टिकतो. लेन्सवरचा फोकस स्विच २.५ मीटर ते अनंत यावर ठेवा. तुमच्या जागेवरून त्याच्या अलीकडे काहीच घडत नाही.