मदत हवी आहे: नील बेटावरचा नैसर्गिक पूल अष्टमीच्या ओहोटीत बघता येईल का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईबाबांना घेऊन अंदमानला जातोय. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायची बाबांची फार जुनी इच्छा, ती सोय झाली आहे. अडलंय ते नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर. लक्ष्मणपूर नंबर दोनच्या किनाऱ्यावरची ती दगडी कमान, जिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, ती आईला जवळून बघायची आहे.

तिथे ओहोटीतच जाता येतं आणि आमचा मुक्काम नेमका शुद्ध अष्टमी-नवमीला, ऐन भांगात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो त्या दिवसांत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेवढं आत हटतं तेवढं तेव्हा हटत नाही. आई देवगडची. तिचा हिशेब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. पण हा आडाखा कोकण किनाऱ्याचा, अंदमानात वेळा वेगळ्या. वेळ मी पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढेन. तक्त्यात न मिळणारं तुमच्याकडून हवंय: भांगाच्या ओहोटीला कमानीपर्यंत खडक उघडा पडतो, की पाण्यातून जावं लागतं?

वाट मेलेल्या प्रवाळाची, खड्ड्याखड्ड्यांची आणि शेवाळलेली आहे असं फोटोंत दिसतं. आईचा एक गुडघा दुखरा आहे. पट्ट्याच्या सँडल चालतील की बंद बूटच हवेत? हात धरून नेणारा स्थानिक माणूस किनाऱ्यावरच मिळतो का?

आणखी एक काळजी. ही कमान प्रवाळी चुनखडकाची. खालून लाटा कुरतडतात, वरून पावसाचं पाणी दगड झिजवतं. माल्टाच्या गोझो बेटावरची अझुर विंडो अशीच चुनखडकाची होती, ८ मार्च २०१७ला वादळात अख्खी समुद्रात गेली. त्यामुळे वर चढायचं नाही हे पक्कं, कुणीच चढू नये असं मला मनापासून वाटतं. पण खाली उभं राहणं कितपत बरं? अलीकडे दगड सुटलेले कुणी पाहिलेत का?

आधी हॅवलॉक बेट आणि मग नील असा क्रम लावला तर नीलला द्वादशी-त्रयोदशी मिळते. त्यासाठी बोटीची तिकिटं बदलावी लागतील. एवढ्या तीन-चार तिथींनी खरंच फरक पडेल का?