मदत हवी आहे: दुशिक्षकी शाळा, तिसरीची वजाबाकी अडली आहे

नमस्कार मंडळी. आमची बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची दुशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट 23. दिवाळीनंतर निम्मी मुलं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलात परत येतात.

संकलित चाचणीचे गुण भरले, पण त्यातून मूल नेमकं कुठे अडलंय ते कळत नाही. म्हणून एकेकाला जवळ बसवून तपासलं. तिसरीतली एक मुलगी 42 वजा 17 चं उत्तर 35 लिहिते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढते. काड्यांचा दशकाचा गठ्ठा सोडून दिला की तिलाच 25 मिळतात, पाटीवर मात्र पुन्हा 35! वाचनात जोडाक्षर आलं की थबकते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला 60 शब्दांचं आहे, ही वीस-बावीसवर आहे. पोर हुशार आहे हो, नुसती शाळा बुडालीय.

गठ्ठ्यांवरून पाटीवर कसं आणलंत? चार इयत्ता एका खोलीत असताना स्तरनिहाय गट कसे बसवता? आणि परतलेल्या मुलांची प्रगती नोंदवायला साधा एकपानी तक्ता कुणी केला असेल तर कृपया फोटो टाका.