पाणी तोडण्याआधी लघवी मोजा

वडील रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, काय करावं, असं तुम्ही विचारलंत; त्यावर कुणीतरी पाणी कमी करायचा सल्ला दिलाय. आमच्या आण्णांनी तेच केलं. वाटेत लागली तर काय, म्हणून रंकाळ्यावरचं फिरणंही सोडलं. सोनोग्राफीत दिसलं, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली, मूत्राशय पुरतं रिकामंच होत नव्हतं. आता गोळीवर रात्री एकदाच उठतात.

तुम्ही आधी दोन-तीन दिवस मापाच्या भांड्यात मोजून वेळेसकट लिहून ठेवा. दिवसाला 3 लिटरच्या वर गेली तर साखर बघायलाच हवी. थोडी थोडी, जळजळत होत असेल तर लघवीची तपासणी. संध्याकाळी पाय सुजतात का? आडवं झालं की पायात साचलेलं तेच पाणी रात्री लघवीवाटे उतरतं. आणि झोपायच्या आधीचा चहा बंद करा (आण्णा अजून ऐकत नाहीत).