मदत हवी आहे: स्लेडच्या जुन्या रेकॉर्ड्सवर बुरशी

माझं बालपण इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचं, त्यामुळे स्लेड म्हणजे आमचा गाववाला बँड! गायक नॉडी होल्डरची आरसे लावलेली टोपी, गिटारवादक डेव्ह हिलचे चकाकणारे कपडे, यांवर आम्ही शाळकरी पोरं फिदा होतो. पण खरी जादू 1971 च्या 'कॉज आय लव्ह यू' या गाण्यात जिम लीने वाजवलेल्या व्हायोलिनची. आजही अंगावर काटा येतो.

पॉलिडॉर या कंपनीने काढलेल्या त्यांच्या 45 आरपीएमच्या (मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड्स आता पुण्यात माझ्याकडे आहेत. यंदाच्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरली आहे. मधलं लेबल न भिजवता ती कशी काढायची? विनाइलला (रेकॉर्डच्या प्लास्टिकला) आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं का? पुण्यात कुणाकडे रेकॉर्ड धुण्याचं मशीन असेल तर कृपया कळवा. ही गाणी मला सुई टेकवूनच ऐकायची आहेत.